ध्वनिचिन्हं टाइप करताना आधी क्रमांक शोधा, मग कळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मराठीच्या बोलींवर प्रबंध लिहायचा आहे. त्यात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली, म्हणजे आयपीएची चिन्हं हवीत, रोमन अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं हवीत, आणि मराठीतली काही पटकन न सापडणारी अक्षरंही हवीत. सध्या प्रत्येक चिन्ह इंटरनेटवरून कॉपी करून चिकटवलं जातं. काही ठिकाणी चौकोन दिसतात, काही शब्द समोर असूनही शोधल्यावर सापडत नाहीत. कीबोर्डवरून सरळ टाइप करण्याचा मार्ग कोणता?

मार्ग बरेच आहेत, आणि पुढे ते सांगतेच. पण कोशांच्या आणि प्रबंधांच्या मजकुरावर इतकी वर्षं काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की अडचण बहुतेक वेळा कळा न सापडण्याची नसते. चिन्ह चुकीचं निवडलेलं असतं. दिसायला हुबेहूब, पण वेगळं. म्हणून आधी ते.

संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे चित्र नव्हे, क्रमांक. तुम्ही कळ दाबता तेव्हा फाइलमध्ये एक क्रमांक नोंदवला जातो आणि फॉन्ट त्या क्रमांकाचं चित्र पडद्यावर काढतो. कळ, क्रमांक आणि चित्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कळ कुठलीही असू शकते, चित्र फॉन्टनुसार बदलतं, टिकतो तो क्रमांक. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगभरच्या लिप्यांना सामाईक क्रमांक मिळू लागले. देवनागरीचा मुख्य विभाग ०९०० पासून ०९७एफपर्यंत, १२८ जागांचा. आयपीएच्या खास अक्षरांचा विभाग ०२५० पासून ०२एएफपर्यंत, ९६ जागांचा. अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या खुणा ०३०० पासून पुढे, ११२ जागांमध्ये. हे क्रमांक सोळाच्या पटीत मोजलेले असतात, म्हणून त्यांत ए ते एफ ही रोमन अक्षरंही आकडे म्हणून येतात. मी इथे क्रमांक देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना मात्र इंग्रजी आकडे आणि रोमन अक्षरंच हवीत. मराठी कीबोर्ड चालू ठेवून क्रमांक टाकला तर काहीच होत नाही, आणि नवख्या माणसाचा पहिला अर्धा तास नेमका त्यातच जातो.

चिन्हांची चित्रं मी या उत्तरात मुद्दाम देत नाही, नाव आणि क्रमांकच देते. चित्र पाहून चिन्ह उचलण्याची सवयच तर मोडायची आहे.

ही सवय का घातक आहे ते आयपीएच्या जन्मकथेतच दिसतं. ध्वनितज्ज्ञांची संघटना १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि तिची लिपी १८८८मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांनी होई. नवं चिन्ह हवं असेल तर नवा खिळा ओतावा लागे, पण छापखान्यात असलेलाच खिळा उलटा बसवला तर फुकटात नवं चिन्ह मिळे. आयपीएतली कितीतरी चिन्हं अशी उलटी वळवलेली रोमन अक्षरं आहेत. आपल्या 'अ'च्या जवळचा जो स्वर, ज्याला श्वा म्हणतात, तो म्हणजे उलटा वळवलेला छोटा रोमन ई. छापखान्यात हे सोपं होतं, संगणकावर मात्र एकाच रूपाचे अनेक दावेदार तयार झाले. आयपीएचा श्वा ०२५९. काही आफ्रिकी भाषांच्या लेखनातला उलटा ई ०१डीडी. सिरिलिक लिपीतलं तसंच अक्षर ०४डी९. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एका प्रकरणात तुम्ही पहिला वापरला आणि दुसऱ्या प्रकरणात कुठूनतरी तिसरा चिकटवला, तर शोध घेताना अर्धे शब्द गायब. तुम्हाला न सापडणारे शब्द बहुधा असेच हरवले आहेत.

अशा जोड्या आणखी आहेत आणि त्या पाठ करण्यासारख्या आहेत. 'श'सारख्या ध्वनीचं चिन्ह एश, क्रमांक ०२८३. त्याऐवजी गणितातलं संकलनाचं, म्हणजे इंटिग्रलचं, चिन्ह टाकलेले प्रबंध मी स्वतः दुरुस्त केले आहेत. कंठद्वारीय स्पर्शाचं, म्हणजे घशात हवा क्षणभर अडवून होणाऱ्या ध्वनीचं, चिन्ह ०२९४ आहे, ते टिंब काढलेल्या प्रश्नचिन्हासारखं दिसतं म्हणून लोक सरळ प्रश्नचिन्हच टाकतात. आघाताची उभी रेघ ०२सी८ आहे, साधं एकेरी अवतरण नव्हे. आणि सगळ्यांत जास्त चुकणारं म्हणजे दीर्घत्वाचं चिन्ह, ०२डी०. त्यात एकमेकांकडे टोक करून असलेले दोन छोटे त्रिकोण असतात, पण लहान अक्षरात ते अपूर्णविरामासारखे दिसतात. म्हणून सगळीकडे अपूर्णविराम पडतो. एका बोलीकोशाच्या मजकुरात हे हजारो ठिकाणी झालं होतं. सगळे बदलून टाकू म्हटलं तर तसं करता येईना, कारण खरे अपूर्णविरामही त्याच क्रमांकाचे. आम्हाला एकेक नोंद डोळ्यांखालून घालावी लागली. सुरुवातीला पाच मिनिटं दिली असती तर ते महिने वाचले असते, याची हळहळ मला अजून आहे.

हे रोमन चिन्हांपुरतंच आहे असं समजू नका. आपल्या देवनागरीतही हेच होतं, फक्त सवयीमुळे लक्षात येत नाही. 'दुःख' लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकलेला मजकूर रोज दिसतो. विसर्गाचा क्रमांक ०९०३ आणि तो आधीच्या अक्षराला जोडलेला असतो, अपूर्णविरामाने शब्द तिथेच तुटतो. अवग्रहाऐवजी रोमन एस टाकतात, दंडाऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ. 'ॲ'ची गोष्ट आणखी नाजूक आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं, क्रमांक ०९७२. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात 'अ' आणि वर अर्धचंद्र अशी दोन अक्षरं जोडून तेच रूप साधलेलं आहे. डोळ्यांना फरक नाही, पण युनिकोड या दोघांना एक मानत नाही. 'ॲ'ने सुरू होणारे शब्द अकारविल्हे लावले की काही एकीकडे आणि काही दुसरीकडे जातात, ते याच कारणाने.

आणि अर्थात 'ऱ्य'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांच्यात माणूसच बदलतो. हा आडव्या रेघेचा अर्धा र मराठीची खरी गरज आहे, आणि तो दोन रीतींनी तयार होतो. एक म्हणजे 'ऱ' हे वेगळं अक्षर, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त आणि पुढे 'य'. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त, मग २००डी क्रमांकाचा न दिसणारा जोडक, आणि पुढे 'य'. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत पहिली रीत सोपी आहे: शिफ्ट धरून जे दाबलं की 'ऱ', मग डीवर हलन्त, मग तिरप्या रेघेच्या कळीवर 'य'. मी पहिलीच रीत वापरा असं सांगेन, कारण न दिसणारा जोडक एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना गळून पडू शकतो, आणि मग दऱ्यांचा दर्या होतो.

आता कळांकडे. वर्डमध्ये एक युक्ती आहे, आणि एकच लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. क्रमांक टाइप करा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा: क्रमांकाच्या जागी चिन्ह येतं. ०२५९ आणि ऑल्ट-एक्स, श्वा हजर. लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्येही हेच चालतं. याहून मोलाची आहे तिची उलटी बाजू. कुठल्याही चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो, आणि पुन्हा दाबलं की चिन्ह परत येतं. कॉपी करून आणलेलं चिन्ह खरं की तोतया, हे ठरवायला दुसरं काही लागत नाही. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक प्रकारच्या चिन्हाचा एकेक नमुना आजच असा तपासा. एक अडचण येईल: क्रमांकाच्या आधी लगेच ए ते एफमधलं अक्षर किंवा आकडा असेल तर वर्ड तोही क्रमांकाचाच भाग समजतं आणि भलतंच काही उमटतं. तेव्हा फक्त चार आकडे निवडून घ्या आणि मग ऑल्ट-एक्स दाबा.

ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पाटीवर दशमान क्रमांक टाकायची जुनी पद्धत अनेकांनी ऐकलेली असते. ऑल्ट आणि ०१७६ म्हणजे अंशाचं चिन्ह, ०१५० म्हणजे मधल्या लांबीची रेघ. तेवढ्यापुरती ती ठीक आहे, पण आयपीएसाठी तिच्यावर विसंबू नका. श्वाचा दशमान क्रमांक ६०१. वर्डमध्ये तो चालतो, पण अनेक साध्या प्रोग्रॅममध्ये २५५च्या पुढचे क्रमांक २५६ने भागून उरलेली बाकी घेतली जाते. ६०१ची बाकी ८९, आणि ८९ म्हणजे रोमन मोठा वाय. श्वाच्या जागी वाय का येतो हे मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. उत्तर हे भागाकाराचं आहे. शिवाय वेगळी पाटी नसलेल्या लॅपटॉपवर वरच्या ओळीतले आकडे या कामाला चालत नाहीत.

वर-खाली बसणाऱ्या खुणांचा नियम एकच: आधी अक्षर, मग खूण. अनुनासिक स्वरासाठी स्वर टाइप करा आणि मग ०३०३. ती नागमोडी रेघ आपोआप वर जाऊन बसते. अघोषत्वाचं, म्हणजे स्वरतंतू न कंपता झालेल्या उच्चाराचं, खालचं वर्तुळ ०३२५. खुणेला स्वतःची रुंदी नसते, म्हणून ती आधी टाकली तर मागच्या अक्षरावर किंवा मोकळ्या जागेवर जाऊन बसते. मराठीच्या अभ्यासकाला यातली सर्वांत लागणारी खूण म्हणजे दोन अक्षरांना वरून बांधणारी कमान, ०३६१. आपली लिपी उच्चारानुसारी आहे, मग आयपीए कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण 'चार' आणि 'चाक' म्हणून पाहा: अक्षर एक, 'च' दोन. 'चाक'मधला दंत्य 'च' दाखवायला टी, मग कमान, मग एस. 'चार'मधल्या तालव्य 'च'साठी टी, कमान आणि ०२५५ क्रमांकाचं, शेपटी वळलेल्या सीसारखं चिन्ह. कमान मधे टाकायची, शेवटी नाही. मूर्धन्य व्यंजनं अक्षराला खाली जोडलेल्या वळणाने, म्हणजे हूकने, दाखवतात: 'ट'साठी ०२८८, 'ड'साठी ०२५६, 'ण'साठी ०२७३, 'ळ'साठी ०२६डी. महाप्राणाचा छोटा वरचा एच ०२बी०, आणि 'घ', 'भ' यांच्यासारख्या घोष महाप्राणांसाठी वेगळा, हूक असलेला, ०२बी१. बोलींच्या कामात हा फरक सांभाळलाच पाहिजे.

रोमन लिप्यंतराच्या रेघा-टिंबांत वेगळा पेच आहे. दीर्घ 'आ'साठी वर आडवी रेघ असलेला ए तयार अक्षर म्हणून ०१०१वर मिळतो, आणि साधा ए टाकून पुढे ०३०४ची सुटी रेघ जोडूनही मिळतो. युनिकोड या दोन्हींना समान मानतं, पण शोध घेणारा प्रत्येक प्रोग्रॅम मानेलच असं नाही. माझा नियम: तयार अक्षर असेल तिथे तेच वापरायचं, नसेल तिथेच सुटी खूण जोडायची. आणि पद्धतही आधीच ठरवा. २००१ सालच्या आयएसओ १५९१९ या मानकात 'ऋ' म्हणजे खाली वर्तुळ असलेला आर. संस्कृतच्या अभ्यासकांच्या प्रचलित पद्धतीत तोच खाली टिंब असलेला आर असतो, आणि आयएसओमध्ये टिंबवाला आर 'ड़'साठी राखलेला आहे. 'ळ'बद्दलही तसंच: आयएसओमध्ये खाली टिंब असलेला एल निःसंदिग्धपणे 'ळ', जुन्या पद्धतीत त्याच चिन्हावर 'ऌ'चाही हक्क. मराठीसाठी मला आयएसओ अधिक नेटकं वाटतं.

दहा-बारा चिन्हंच लागणार असतील तर ऑल्ट-एक्स पुरे, किंवा वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये स्वतःचे संक्षेप भरून ठेवा. प्रबंधभर उच्चार लिहायचे असतील तर मात्र स्वतंत्र कीबोर्ड बसवा. कीमॅन हा मोफत प्रोग्रॅम आणि त्याच्यावरचा एसआयएल या भाषाविषयक संस्थेचा आयपीए कीबोर्ड मी सुचवते. त्याची मांडणी डोक्यात राहते: रोमन अक्षर टाइप करायचं आणि लगेच बरोबरचं, लहान-पेक्षाचं किंवा मोठ्या-पेक्षाचं चिन्ह, की त्या अक्षराचं नातेवाईक ध्वनिचिन्ह येतं. ई आणि बरोबर, की श्वा. एस आणि बरोबर, की एश. एन आणि मोठ्या-पेक्षाचं चिन्ह, की 'ङ'चा ध्वनी. आठवडाभर रोज एक पान लिहिलं की बोटांना सवय होते, आणि तो केवळ वर्डमध्येच नव्हे, तर सगळ्या प्रोग्रॅममध्ये चालतो.

मॅकवर एबीसी एक्स्टेंडेड हा कीबोर्ड चालू करा. ऑप्शन-ए दाबून मग स्वर टाकला की वर आडवी रेघ येते, ऑप्शन-एक्स दाबून व्यंजन टाकलं की खाली टिंब. क्रमांकानेच टाकायचं असेल तर युनिकोड हेक्स इनपुट निवडून ऑप्शन धरून ठेवा आणि चार आकडे टाका. लिनक्सच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू, मग क्रमांक, मग एंटर.

चौकोनांचं कारण वेगळं. क्रमांक बरोबर आहे, पण फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही. ध्वनिचिन्हांसाठी शारिस, डूलोस किंवा जेंटियम यांपैकी एक घ्या. तिन्ही मोफत आहेत आणि खुणा एकावर एक नीट रचतात. कमान दोन अक्षरांच्या मधोमध बसते की एकाच अक्षरावर कलंडते, यावरून फॉन्टची पारख होते. वर्डमध्ये मात्र एक गोष्ट जाणून घ्या: ते देवनागरीसाठी एक आणि रोमनसाठी दुसरा असे दोन फॉन्ट एकाच मजकुराला लावून ठेवतं. ध्वनिचिन्हं रोमनच्या गटात मोडतात. म्हणून परिच्छेद निवडून फॉन्ट बदलला तरी कधी अर्धाच मजकूर बदलतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे 'उच्चार' नावाची एक कॅरेक्टर स्टाइल तयार करणं. तिच्यात रोमन फॉन्ट शारिस ठेवा आणि भाषेच्या खिडकीत प्रूफिंग, म्हणजे शुद्धलेखनाची तपासणी, बंद करा. प्रत्येक उच्चाराला तीच स्टाइल लावा. उद्या मार्गदर्शकांनी फॉन्ट बदलायला सांगितला तर एका जागी बदललात की झालं.

त्याच बैठकीत ऑटोकरेक्टमधल्या दोन सोयी बंद करा: वाक्याचं आणि तक्त्यातल्या घराचं पहिलं अक्षर मोठं करणं. ध्वनिलिपीत छोटा आर आणि मोठ्या आरच्या रूपातलं छोटं चिन्ह हे वेगळे ध्वनी आहेत. तक्त्यातला छोटा आर वर्डने तुमच्या नकळत मोठा केला तर परीक्षकाला तो त्या दुसऱ्या ध्वनीसारखा दिसेल आणि चूक तुमच्या नावावर लागेल.

जुन्या फाइलींमधून उदाहरणं घेणार असाल तर सावध राहा. युनिकोड रुळण्याआधीच्या ध्वनिफॉन्टांत चिन्हांची चित्रं साध्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत, जशी जुन्या देवनागरी फॉन्टांतही असत. तो फॉन्ट आहे तोवर सगळं सुंदर दिसतं, फॉन्ट बदलला की असंबद्ध रोमन अक्षरं उरतात. अशा मजकुराला शारिस लावून काही साधत नाही. एकेका क्रमांकाचं रूपांतर करावं लागतं, आणि थोडा मजकूर असेल तर सरळ पुन्हा टाइप करणं बरं.

छपाईला देण्याआधी पीडीएफ करा आणि फॉन्ट आत समाविष्ट आहेत ना ते पाहा. मग पीडीएफमधले पाच-सहा अवघड उच्चार आणि 'ऱ्य' असलेले दोन-तीन शब्द कॉपी करून कोऱ्या वर्ड फाइलमध्ये चिकटवा आणि एकेका चिन्हाच्या पुढे ऑल्ट-एक्स दाबा. ०२डी०च्या जागी ००३ए दिसलं, तर तिथे अजून अपूर्णविराम आहे.